विषाणू गेला, फुप्फुसाचं काय?

२०२५ च्या जानेवारीत एचएमपीव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूचं नाव घरोघरी पोचलं. बंगळुरूत दोन बाळांना संसर्ग सापडल्याची बातमी आली आणि दोनच दिवसांत माझ्या ओपीडीत मास्क लावलेली, कसलाही आजार नसलेली मुलं येऊ लागली. आठवड्याभरात वारं फिरलं. हा विषाणू नवा नाही, २००१ साली नेदरलँड्समध्ये तो ओळखला गेला, तिथल्याच संशोधकांनी जुने साठवलेले रक्तनमुने तपासले तेव्हा निदान १९५८ पासून तो माणसांत फिरत असल्याचं दिसलं, पाच वर्षांपर्यंत जवळपास सगळ्या मुलांना तो होऊन जातो, हे सगळं सांगितलं गेलं आणि ते बरोबरच होतं. मग लोक म्हणाले, "म्हणजे साधी सर्दीच की! उगाच घाबरवलं." आणि विषय मिटला.

तो ज्या रीतीनं मिटला, त्याची मला काळजी वाटते. सगळ्यांना एकच विचारायचं होतं, माझं मूल यानं दगावेल का? बहुतेक मुलांच्या बाबतीत उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते मिळाल्यावर पुढचा प्रश्न कोणी विचारलाच नाही. जे मूल दगावलं नाही, ऑक्सिजनवर चार दिवस काढून घरी आलं, त्याच्या फुप्फुसाचं पुढे काय होतं?

गेल्या दिवाळीनंतर एक आई नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मैदानाची एक फेरी पुरी व्हायच्या आत तो खाली बसतो, अशी पीटीच्या सरांची तक्रार. आईच्या हातात कापडी पिशवी, पिशवीत जन्मापासूनचे कागद. आपल्याकडच्या आया ही पिशवी जिवापाड जपतात. आम्ही डॉक्टर त्यातला वरचा एक कागद बघतो आणि बाकीचे परत सारतो. त्या दिवशी गर्दी नव्हती म्हणून मी तळापर्यंत गेले. तळाशी डिस्चार्ज कार्ड होतं. वय पाच महिने, चार दिवस ऑक्सिजन, निदान ब्रॉन्किओलायटिस, म्हणजे फुप्फुसातल्या सर्वांत बारीक नळ्यांना विषाणूमुळे आलेली सूज. शेवटी लिहिलं होतं, 'फॉलो-अप एसओएस'. गरज वाटली तर या. त्यानंतरच्या वर्षांत खोकल्याच्या औषधांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा, अँटिबायोटिकचे सहा कोर्स, आणि मध्ये एकदा सहा महिने टीबीची औषधं. 'दमा' हा शब्द एकाही कागदावर नव्हता. श्वासाचा जोर मोजायच्या नळीत त्यानं तीनदा फुंकर मारली. त्याच्या उंचीच्या मुलाचा काटा जिथं जायला हवा, त्याच्या बराच अलीकडे तो थांबला. स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या नळकांड्यातून, औषध देऊन पंधरा मिनिटांनी परत फुंकायला लावलं, तेव्हा काटा पुढे सरकला. आई एवढंच म्हणाली, "पण तेव्हा तर बरा झाला होता ना, डॉक्टर?"

तिच्या या प्रश्नावर वैद्यकशास्त्रात चाळीसएक वर्षं वाद चालू आहे, आणि तो सामान्य लोकांपर्यंत फार वाईट पद्धतीनं पोचतो. एक बाजू म्हणते, विषाणूच मुलांना दमेकरी करतो. दुसरी म्हणते, ज्याची छाती मुळात नाजूक, त्यालाच विषाणू गाठतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. तिसरी या दोघांनाही बाजूला सारते आणि धुराकडे, धुळीकडे बोट दाखवते. प्रत्येक बाजू दुसरीला खोडून काढण्यात इतकी गुंतलेली असते की मूल बाजूलाच राहतं. माझं म्हणणं असं की पहिल्या दोन वर्षांत छातीत खोलवर उतरलेला विषाणूसंसर्ग आपण आठवड्याभराची घटना म्हणून धरतो, ते चूक आहे. अनेक मुलांच्या बाबतीत ते लांबच्या आजाराचं पहिलं पान असतं. विषाणू हे मूळ कारण आहे की नुसतं निमित्त, हे ठरेपर्यंत थांबायचीही गरज नाही, कारण दोन्हींपैकी काहीही खरं निघालं तरी त्या मुलासाठी करायचं काम बदलत नाही.

दुसऱ्या बाजूचा पुरावा हलका नाही, तो आधी पुरता मांडते. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टक्सन शहरात १९८० पासून १,२४६ नवजात बाळांचा अभ्यास सुरू झाला. त्यातल्या १२४ बाळांची फुप्फुसाची क्षमता छातीचा एकही आजार होण्याआधीच मोजलेली होती. १९८८ साली त्याचे निष्कर्ष आले: पुढे विषाणूसंसर्गात ज्या मुलांची छाती वाजू लागली, त्यांची क्षमता आधीपासूनच कमी होती. म्हणजे विषाणू येण्यापूर्वीच नळ्या अरुंद होत्या. २००९ मध्ये डेन्मार्कमधल्या ८,२८० जुळ्या जोड्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. आरएसव्ही हा विषाणू लहान बाळांच्या छातीचा सर्वांत मोठा शत्रू. त्याच्या संसर्गामुळे रुग्णालयात जावं लागणं आणि दमा होणं या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी एकाच आनुवंशिक मुळातून येतात, असं त्यात दिसलं. आकडे तर असं सुचवत होते की आरएसव्हीमुळे दमा होण्यापेक्षा दम्याकडे असलेला कलच आरएसव्हीला गंभीर करतो. आणि सर्वांत बोचरा पुरावा २०१५ चा. अमेरिकेतल्या मूलनिवासी समाजातल्या दोन हजारांहून अधिक निरोगी बाळांवर झालेल्या चाचणीत आरएसव्हीविरुद्धच्या प्रतिपिंडांनी, म्हणजे विषाणूला अडवणाऱ्या तयार प्रथिनांनी, रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण ८७ टक्क्यांनी घटवलं. पण एक ते तीन वर्षांच्या वयात त्या मुलांची छाती वाजण्याचं प्रमाण तेवढंच राहिलं. विषाणू रोखला, घरघर थांबली नाही. याहून सरळ उत्तर काय हवं?

एवढ्यावर वाद संपला असता, तर मी हा लेख लिहिला नसता. स्वीडनमधल्या बुरोस गावात १९८९-९० च्या हिवाळ्यात आरएसव्हीमुळे भरती झालेल्या ४७ बाळांचा माग अठराव्या वर्षापर्यंत ठेवला गेला. त्यांच्यातल्या ३९ टक्के मुलांना तेव्हाही दमा होता किंवा वारंवार छाती वाजत होती. सोबतच्या तुलनेसाठी घेतलेल्या ९३ मुलांमध्ये हे प्रमाण ९ टक्के होतं. यावर दुसरी बाजू म्हणेल, भरती झालेली मुलं मुळातच नाजूक, त्यांच्यावरून काय सिद्ध होतं? रास्त शंका आहे. म्हणूनच अमेरिकेतल्या टेनेसीचा २०२३ साली आलेला अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. तिथं भरती झालेली मुलं निवडलीच नव्हती. पूर्ण दिवसांची निरोगी बाळं घेतली, आणि पहिल्या वर्षात कोणाला आरएसव्ही झाला, कोणाला नाही, एवढंच पाहिलं. अगदी सौम्य संसर्गही धरला. जी बाळं त्या वर्षी सुटली, त्यांच्यात पाचव्या वर्षी दम्याचं प्रमाण १६ टक्के निघालं, ज्यांना झाला त्यांच्यात २१ टक्के. पहिल्या वर्षात विषाणूची गाठ पडणं हे बऱ्याचदा हंगाम, घरातलं शाळकरी भावंड, पाळणाघर यांवर अवलंबून असतं. छातीच्या नाजूकपणावर नाही. तरीही फरक उरलाच.

हॉलंडमधल्या चाचणीनं तर दोन्ही बाजूंना थोडं थोडं दिलं. ३३ ते ३५ आठवड्यांत जन्मलेल्या ४२९ बाळांपैकी निम्म्यांना आरएसव्हीविरुद्धची प्रतिपिंडं दिली. पहिल्या वर्षात छाती वाजण्याचे दिवस ६१ टक्क्यांनी कमी झाले. सहाव्या वर्षी आईवडिलांच्या सांगण्यानुसार दमा १४ टक्के विरुद्ध २४ टक्के. पण डॉक्टरांनी केलेलं निदान आणि फुप्फुसाची क्षमता दोन्ही गटांत सारखीच. आता यातून 'विषाणू दोषी' असा निकाल लावता येतो का? नाही. 'विषाणू निर्दोष' असा? तोही नाही. आणि विस्कॉन्सिनमधल्या अभ्यासानं वेगळाच संशयित पुढे आणला. पहिल्या तीन वर्षांत ऱ्हायनोव्हायरसमुळे, म्हणजे साध्या सर्दीच्या विषाणूमुळे, ज्यांची छाती वाजली, त्या मुलांत सहाव्या वर्षी दमा असण्याची शक्यता आरएसव्हीवाल्या मुलांपेक्षाही कितीतरी जास्त निघाली. ज्याला आपण 'सर्दीच आहे' म्हणतो, तोच.

माझ्या मते इथं प्रश्नच चुकीचा विचारला जातो. कारण आणि निमित्त यांच्यात मधोमध भिंत घालून 'सांग, तू कुठल्या बाजूचा' असं विषाणूला विचारण्यात हशील नाही. पोलिओचा विषाणू आठवून पाहा. त्याची लागण झालेल्या सुमारे दोनशे मुलांत एकाला लकवा होतो. उरलेली १९९ खेळायला जातात. तेवढ्यावरून कोणी म्हणालं का, की १९९ जणांना काही झालं नाही म्हणजे दोष त्या एका मुलाच्या प्रकृतीचा? आणि प्रकृतीचा, परिस्थितीचा भाग तर तिथंही होता. पोलिओचा विषाणू अंगात असताना तापासाठी दंडावर किंवा कुल्ल्यावर टोचलेलं इंजेक्शन त्याच अवयवाला लकवा आणू शकतं, हे डॉक्टरांना विसाव्या शतकाच्या मध्यापासून ठाऊक होतं. 'एक सुई मारा, डॉक्टर' या आपल्याकडच्या सवयीनं कित्येक मुलांचे पाय गेले. तेव्हा सुई कारण की विषाणू, असा वाद घालत आपण बसलो नाही. विषाणूही अडवला आणि नको त्या सुयांविरुद्धही बोललो. १३ जानेवारी २०११ नंतर देशात जंगली पोलिओचा एकही रुग्ण नाही.

घशाच्या संसर्गानंतर होणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापाचंही असंच. घसा शेकडो मुलांचा धरतो, हृदयाच्या झडपा फार थोड्यांच्या खराब होतात. अंगचा कल नसेल तर तो ताप येतच नाही. पण ज्याला एकदा येऊन गेला, त्या मुलाला आपण वर्षानुवर्षं दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन देतो. 'घसा बरा झाला, आता या गरज वाटली तर' असं सांगून त्याला कोणी घरी पाठवत नाही. छातीच्या बाबतीत मात्र नेमकं तेच करतो.

मी म्हटलं की काम बदलत नाही, ते असं. समजा, विषाणूच नळ्यांना इजा करतो. मग इजा झालेल्या मुलाकडे लक्ष ठेवायला हवं. आता उलट समजा, की तो फक्त आधीची दुबळी छाती उघडी पाडतो. मग तर आपल्याला फुकटात एक चाचणी मिळाली! टक्सनला १२४ बाळांची क्षमता मोजायला केवढा खटाटोप करावा लागला. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात ते यंत्र कधी येईल, सांगता येत नाही. पण दर पावसाळ्याच्या शेवटी आणि थंडीत हा विषाणू गावोगाव फिरून कोणाची छाती नाजूक आहे ते दाखवून जातो. दाखवलेली मुलं आपण ऑक्सिजन लावून सांभाळतो, आणि मग त्यांची नावं विसरतो. विषाणू निमित्तमात्र आहे असं मानणाऱ्यांनी तर या मुलांच्या मागे जास्तच राहायला हवं.

काही विषाणूंबाबत तर हा वादही उरत नाही. ॲडेनोव्हायरसचे काही प्रकार बाळाच्या बारीक नळ्यांची आतली कातडी अशी सोलवटून काढतात की भरून येताना तिथं वण तयार होतो आणि नळ्या कायमच्या बुजतात. अर्जेंटिना आणि चिली या देशांत अशा मुलांची इतकी संख्या पुढे आली की तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी या आजाराचा पिच्छाच पुरवला. या मुलांना दम्याच्या औषधानं म्हणावा तसा उतार पडत नाही, कारण तो दमा नसतोच. आपल्याकडे अशी मुलं नाहीत असं मानायला कसलाही आधार नाही. ती 'औषध लागू न पडणारा दमा' म्हणून या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरतात. गोवराचं तर सगळ्यांना माहीत असायला हवं. गोवरानंतरच्या न्यूमोनियानं नळ्या फुगून सैल पडतात, त्यांत कफ साचतो, आणि मूल आयुष्यभर सकाळी उठून बेडका काढत बसतं. लसीनं हा आजार श्रीमंत देशांतून जवळपास पुसला. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीला गोवराची साथ आली तेव्हा मृत्यूंचे आकडे रोज छापून आले, ते यायलाच हवे होते. त्या साथीतून वाचलेल्या मुलांच्या छातीचं आज काय आहे, ही बातमी मी कुठं वाचली नाही.

पहिली दोन वर्षंच एवढी महत्त्वाची का, याचं उत्तर शरीराच्या बांधणीत आहे. बाळाची सर्वांत बारीक श्वासनळी मिलिमीटरच्याही आत असते. नळीची त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा सोळापट होतो. मोठ्या माणसाला जी सूज जाणवतही नाही, तिनं बाळाचं पोट उडायला लागतं. शिवाय याच काळात वायुकोश भराभर वाढत असतात. फुप्फुसाची क्षमता विशी-पंचविशीपर्यंत चढते, थोडी टिकते आणि मग उतरत जाते. ज्याचा चढ कमी पडला, तो उताराला लागतो तेव्हा दम लागण्याची रेषा इतरांच्या कितीतरी आधी ओलांडतो. म्हातारपणीच्या सीओपीडीचा, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होत जाणाऱ्या आजाराचा, दोष आपण बिडीवर टाकून मोकळे होतो, पण २०१५ साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात सीओपीडी झालेल्यांपैकी साधारण निम्म्यांची क्षमता तरुणपणीच कमी असल्याचं दिसलं.

ब्रिटनमध्ये १९४६ च्या मार्च महिन्यातल्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांच्या नोंदी आजतागायत ठेवल्या आहेत. त्यांतल्या ३,५८९ जणांचा हिशेब २०२३ मध्ये मांडला गेला. दोन वर्षांच्या आत ज्यांना ब्राँकायटिस किंवा न्यूमोनिया झाला होता, त्यांच्यात २६ ते ७३ या वयात श्वसनाच्या आजारानं मृत्यू येण्याचा धोका ९३ टक्क्यांनी जास्त होता; धूम्रपान, गरिबी, घरातली गर्दी हे सगळं वजा करूनही. हा आकडा भडक वाटतो, म्हणून दुसरी बाजूही सांगते: प्रत्यक्षात ते प्रमाण शंभरात सुमारे एकाऐवजी दोन, एवढंच आहे. आणि १९४६ च्या बाळांना विषाणूच झाला होता की जिवाणू, हे कोणी तपासलेलं नाही. आरएसव्हीचा शोधच १९५६ चा. पण जगभरातल्या दर वर्षीच्या बाळांच्या संख्येला हा 'एकाऐवजी दोन' गुणला, तर किती माणसं होतात?

आता 'आजारी पडल्यानं मुलांची प्रतिकारशक्ती वाढते' या मुद्द्याकडे येते, कारण शिकलेल्या घरांत मला तोच सर्वांत जास्त ऐकू येतो. १९८९ मध्ये लंडनमधल्या डेव्हिड स्ट्राखन यांनी दाखवलं की भरपूर भावंडं असलेल्या मुलांना परागकणांची ॲलर्जी कमी होते. शेतावर, गोठ्याजवळ वाढलेल्या मुलांत दमा आणि ॲलर्जी कमी, हेही अनेक देशांत दिसलं. यावरून 'होऊ द्या आजारी, मुलं कणखर होतात' असा सोयीचा अर्थ निघाला. पण गोठ्यातल्या धुळीतले निरुपद्रवी जंतू श्वासात जाणं आणि तीन महिन्यांच्या बाळाच्या नळ्या विषाणूनं सुजणं या एकच गोष्टी आहेत का? मातीत खेळू द्यावं, जरूर द्यावं. सर्दी झालेल्या पाहुण्यानं दोन महिन्यांच्या बाळाचा पापा घ्यावा, असा त्याचा अर्थ होत नाही. बारशाला जमलेल्या घरात हे सांगणाऱ्या आईला 'फार शिकलेली' म्हणून गप्प बसवलं जातं, म्हणून इथं स्पष्ट लिहिते: ती बरोबर आहे.

धुराचं काय? चूल, उदबत्ती, रस्त्यावरची धूळ, शेतातली जाळपोळ यांनी छाती खराब होते, यात मला शंका नाही. पण 'धूर घालवा, बाकी आपोआप होईल' हे म्हणणं तपासून पाहिलं गेलं आहे. ग्वाटेमाला, पेरू, रवांडा आणि आपल्या तमिळनाडूत सुमारे ३,२०० गरोदर बायांच्या घरांत ही चाचणी झाली. निम्म्या घरांना गॅस आणि सिलिंडर पुरवले. स्वयंपाकघरातला धूर खरोखरच कमी झाला. २०२४ मध्ये निष्कर्ष आले: बाळांच्या गंभीर न्यूमोनियात म्हणावा असा फरक पडला नव्हता. बाईच्या डोळ्यांसाठी, छातीसाठी, कष्टांसाठी गॅस हवाच. पण चुलीकडे बोट दाखवून विषाणूचा विषय बंद करता येणार नाही.

गडचिरोलीचा दाखला माझ्याविरुद्ध दिला जाईल, आणि तो द्यायलाच हवा. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तिथं ऐंशीच्या दशकाच्या शेवटी गावातल्याच माणसांना आणि सुइणींना श्वास मोजायला शिकवलं, अँटिबायोटिक हातात दिलं, आणि न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू निम्म्याहून खाली आणले. लोक ज्याला 'डबा' म्हणत, त्यामागे विषाणू की जिवाणू हे विचारत ते बसले नाहीत. बरोबरच केलं, मरणाऱ्या मुलाच्या उशाशी बसून नाकाच्या नमुन्याची वाट पाहायची नसते. पण त्यानंतर हिब आणि न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जिवाणूंवरच्या लसी आल्या, आणि चित्र बदललं. सात देशांत भरती झालेल्या गंभीर न्यूमोनियाच्या मुलांचा अभ्यास २०१९ मध्ये छापून आला: ६१ टक्के आजार विषाणूंमुळे, त्यातला निम्मा वाटा एकट्या आरएसव्हीचा. मेळघाटात २०१६ ते २०१८ या काळात गावोगाव जाऊन, आजारी आणि दगावलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या लहान मुलांच्या नाकातले नमुने घेतले गेले, तिथंही आरएसव्ही सापडला. अँटिबायोटिकनं वाचणारी मुलं आपण वाचवली. उरलेल्यांसाठी तेच औषध पुन्हा पुन्हा लिहून देण्यात आता शहाणपण नाही.

मग विषाणूच रोखावा का? इथं घाईला माझा विरोध आहे, आणि त्याला कारण आहे. १९६६ मध्ये अमेरिकेत आरएसव्हीची पहिली लस बाळांना टोचली गेली. लस घेतलेल्यांना पुढे विषाणू भेटला तेव्हा संरक्षण मिळणं दूरच, आजार भयंकर झाला. एका गटात संसर्ग झालेल्या २० पैकी १६ बाळांना भरती करावं लागलं, दोन दगावली. त्या धक्क्यानं हे संशोधन कित्येक दशकं मागे पडलं. गुंता सुटला तो २०१३ मध्ये, विषाणूच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाचा पेशीत शिरण्यापूर्वीचा आकार कळल्यावर. त्यातून आज दोन साधनं हातात आहेत: गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईला द्यायची लस, आणि बाळाला एकदाच टोचायची, एक पूर्ण हंगाम पुरणारी प्रतिपिंडं. स्पेनमधल्या गॅलिसियात २०२३ च्या हिवाळ्यात जवळपास सगळ्या बाळांना ती दिली, आणि आरएसव्हीमुळे होणाऱ्या भरती सुमारे ऐंशी टक्क्यांनी घटल्या. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ मध्ये दोन्हींपैकी एक साधन सगळ्या देशांनी वापरावं अशी शिफारस केली आहे. आपल्या राष्ट्रीय लसीकरणात दोन्ही नाहीत.

यानं दमा कमी होईल असं वचन देऊन ही मागणी करू नये. ते सिद्ध झालेलं नाही, आणि उद्या तसं घडलं नाही तर लोकांचा लसींवरचाच विश्वास उडेल. मागणीला वेगळा, भक्कम आधार आहे. २०१९ या एका वर्षात आरएसव्हीनं जगात पाच वर्षांखालची एक लाखाहून अधिक मुलं गेली, त्यांतली ९७ टक्के आपल्यासारख्या देशांतली. पण साधन परवडेपर्यंत, आणि परवडल्यावरही, विषाणूच्या तडाख्यातून उठलेली मुलं राहणारच. त्यांच्यासाठी महागडं काही लागत नाही.

अडचण आहे ती शब्दांची. 'दमा' म्हटलं की आईचा चेहरा पडतो. मुलगी असेल तर लग्नापर्यंतचा विचार त्या एका क्षणात होतो. म्हणून आम्ही 'बाळदमा' म्हणतो, 'ॲलर्जिक खोकला' म्हणतो, 'कफाची प्रकृती' म्हणतो. आठव्या वर्षी आपोआप जातो, असंही सांगून टाकतो. काहींचा जातो, हे खरं आहे. टक्सनच्याच मुलांत आरएसव्हीमुळे वाढलेला धोका तेराव्या वर्षापर्यंत ओसरला होता. पण बुरोसच्या मुलांत अठराव्या वर्षीही ओसरला नव्हता, आणि आपल्यासमोरचं मूल कुठल्या गटातलं, हे त्याला परत बोलावल्याशिवाय कसं कळणार? 'पंपाची सवय लागते' या भीतीनं पंप बंद करून सिरप चालू करणारी घरं मी रोज बघते. श्वासातून जाणारं औषध नेमकं नळीत पडतं, म्हणून ते थोडं लागतं. सिरप सगळ्या अंगातून फिरतं. हे शांतपणे, दोनदा, आजीला समोर बसवून सांगावं लागतं. सांगितलं की पटतं.

आणि व्यवस्था? ती आधीपासून उभी आहे, हीच हळहळ आहे. आशाताई बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी जातात. 'मध्ये कधी ऑक्सिजन लावावा लागला होता का? रात्री छाती वाजते का?' हे दोन प्रश्न त्यांच्या तक्त्यात बसतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात. त्यांच्या तीस आजारांच्या यादीत ऱ्हुमॅटिक हृदयविकारही आहे आणि वाजणारी छातीही आहे. म्हणजे मुद्दा कागदावर मान्य झालेला आहे. २०१९ मध्ये केंद्रानं न्यूमोनियाविरुद्ध 'सांस' मोहीम काढली, तिचं सगळं मोजमाप मृत्यूंचं: हजार जिवंत जन्मांमागे तीनपेक्षा कमी. ते उद्दिष्ट योग्यच आहे. पण वाचलेल्या मुलासाठी त्यात एकही आकडा नाही. डिस्चार्ज कार्डावर 'गरज वाटली तर' या शब्दांऐवजी एक तारीख, आणि त्या कार्डाची एक प्रत आशाताईच्या वहीत: मी एवढंच मागते आहे.

त्या नऊ वर्षांच्या मुलाच्या भेटीनंतर माझ्याकडून जाणाऱ्या प्रत्येक ब्रॉन्किओलायटिसच्या कार्डावर मी सहा आठवड्यांनंतरची तारीख लिहायला लागले, आणि आईच्या मोबाइलमध्ये तिची आठवण लावून द्यायलाही. परवा त्यातली एक आई तारखेला आली. बाळ आठ महिन्यांचं, हसरं, वजन वाढलेलं. मी छाती ऐकली. उजव्या बाजूला खाली अजून बारीक शिट्टी वाजत होती. "पण हा तर खेळतोय की," आई म्हणाली. मी स्टेथोस्कोप तिच्या कानाला लावला आणि बाळ श्वास सोडेपर्यंत तिला थांबायला सांगितलं. तिला ऐकू आलं. पुढची तारीख तिनं स्वतःच विचारून घेतली.